लँगॉलेन कालव्यावर कुटुंबासह नॅरोबोटीची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचा लँगॉलेन कालवा हा ब्रिटनमधला सर्वांत गजबजलेल्या कालव्यांपैकी एक. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टरकडची मराठी कुटुंबं सुट्टीत इथे नॅरोबोट (राहण्याची सोय असलेली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेण्याचा बेत करतात, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही सोबत नेतात. तेव्हा जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

हा कालवा नेमका कुठून कुठे जातो?

चेशरमधल्या नँटविचजवळ हर्ल्स्टन इथे हा श्रॉपशर युनियन कालव्याला जोडला जातो. तिथून रेनबरी, व्हिटचर्च, एल्समिअर, चर्क, ट्रेव्हर असं करत तो वेल्समधल्या लँगॉलेन गावापर्यंत जातो. गावाच्या पुढे हॉर्सशू फॉल्स नावाचा अर्धगोल बंधारा आहे. तिथे डी नदीचं पाणी कालव्यात घेतलं जातं. सगळी लांबी सुमारे 46 मैल, वाटेत 21 लॉक (बोट पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद). पण हे सगळे लॉक इंग्लंडच्या बाजूला आहेत. शेवटचे दोन न्यू मार्टनला. तिथून लँगॉलेनपर्यंत एकही लॉक नाही, आणि कालव्यातलं पाहण्यासारखं जवळजवळ सगळं याच लॉक नसलेल्या पट्ट्यात आहे.

लहान मुलं आणि ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर सगळा कालवा करण्याचा हट्ट धरू नका. चर्क, ट्रेव्हर किंवा फार तर एल्समिअरहून बोट घ्या.

कालव्याच्या पाण्याला ओढ असते का? आपल्याकडे तर साचलेलं पाणी म्हणजे कालवा असं चित्र डोळ्यापुढे येतं.

ब्रिटनमधले बहुतेक नौकानयनाचे कालवे खरोखरच जवळजवळ स्थिर असतात. हा मात्र वाहतो, आणि ही एक गोष्ट समजली की या सहलीतल्या निम्म्या अडचणींचं कारण कळतं.

मूळ योजना 1793 सालच्या एल्समिअर कालव्याची होती. मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायच्या होत्या. पैसे आणि उत्साह दोन्ही आटले आणि ट्रेव्हरच्या उत्तरेचा मुख्य मार्ग झालाच नाही. पण त्या वरच्या मार्गाने जे पाणी मिळणार होतं तेही हुकलं. म्हणून थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने डी नदीवर बंधारा घालून ट्रेव्हरपर्यंत एक पाणी आणणारा पाट काढला. तो 1808 मध्ये पुरा झाला. आज लँगॉलेनला जाणारा सगळ्यांच्या आवडीचा जो तुकडा आहे, तो म्हणजे हाच पाट. पाणी आणण्याचं त्याचं मुख्य काम असल्यामुळे तो अरुंद आणि उथळ ठेवला गेला.

पुढे 1944 च्या कायद्याने या कालव्यावरची वाहतूक अधिकृतपणे बंद झाली. पण हर्ल्स्टनच्या जलाशयाला पिण्यासाठी पाणी याच वाटेने जात होतं, त्यामुळे तो बुजवला गेला नाही. पाणी आजही तसंच जातं. म्हणजे लँगॉलेनकडे जाताना तुम्ही प्रवाहाविरुद्ध असता आणि परतताना प्रवाहासोबत. जायला जेवढा वेळ लागला त्याच्या दोन-तृतीयांश वेळात परत येता येतं. अरुंद जागी आणि बोगद्यांत हा फरक फार जाणवतो.

बोट चालवायला परवाना लागतो का?

नाही. भाड्याच्या बोटीसाठी कुठलाही परवाना लागत नाही. पण बोट घेणारी मुख्य व्यक्ती प्रौढ हवी, आणि बोट ताब्यात देताना कंपनीचा माणूस तासाभराचं प्रशिक्षण देतो. तेव्हा बोट चालवणार असलेले सगळे तिथे हजर राहा. एकाने शिकून बाकीच्यांना नंतर समजावण्याचा प्रकार लॉकपाशी अंगाशी येतो. दारू पिऊन टिलर (बोट वळवायचा दांडा) हातात घेणं करारात बसत नाही.

भारतातून येणाऱ्यांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा पुरतो. लँगॉलेन वेल्समध्ये असलं तरी वेगळा काही सोपस्कार नाही. रेल्वेने येणार असाल तर चर्कला स्टेशन आहे, आणि ट्रेव्हर किंवा लँगॉलेनसाठी रुअबन स्टेशनवर उतरून बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. दोन्ही स्टेशनं चेस्टर-श्रूजबरी मार्गावर आहेत.

किती लांबीची बोट घ्यावी?

नॅरोबोटीची रुंदी ठरलेली असते, सुमारे 6 फूट 10 इंच, कारण लॉकची रुंदी 7 फूट आहे. लांबी मात्र 40 पासून 70 फुटांपर्यंत. सहा जणांसाठी 60 ते 65 फुटी बोट लागते. कंपनीच्या जाहिरातीत '6 ते 8 जण' असं लिहिलेलं असलं तर शेवटचे दोघे जेवणाच्या टेबलाचं रूपांतर करून बनवलेल्या बिछान्यावर झोपणार असं समजा. रोज रात्री टेबल काढायचं, सकाळी पुन्हा लावायचं. आजी-आजोबांना ही जागा देऊ नका. त्यांना कायमस्वरूपी पलंग असलेली खोली द्या, शौचालयाजवळची.

आतला वावर रेल्वेच्या डब्यातल्या बोळासारखा अरुंद असतो. मोठ्या सूटकेस आणू नका, ठेवायला जागाच नसते. मऊ, घडी होणाऱ्या बॅगा आणा.

किती दिवस लागतात?

कालव्यावर वेळ काढण्याचं जुनं सूत्र असं: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला 3 ने भागा, तेवढे तास. एल्समिअरहून लँगॉलेन सुमारे 18 मैल आणि 2 लॉक, म्हणजे साधारण पावणेसात तास. पण प्रवाहाविरुद्ध जायचं असल्याने त्यात दोन तास मिळवा. वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, आणि उभ्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, इंजिन नुसतं पुटपुटेल इतकंच.

तीन रात्रींची सुट्टी (शुक्रवार ते सोमवार) असेल तर चर्क किंवा ट्रेव्हरहून निघा. चर्क ते ट्रेव्हर सुमारे दोन तास, तिथून लँगॉलेन आणखी अडीच-तीन तास. पहिल्या दिवशी बोट दुपारी तीन-चारला ताब्यात मिळते, म्हणजे त्या दिवशी फार पुढे जायचा विचार नको. शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बोट परत द्यायची असते, तेव्हा आदल्या रात्रीच कंपनीच्या धक्क्याजवळ येऊन मुक्काम करा.

पूर्ण आठवडा असेल तर एल्समिअरहून दोन दिवसांत सावकाश वर जा, लँगॉलेनमध्ये दोन रात्री राहा, मग परत. उरलेल्या वेळात एल्समिअरजवळची तळी पाहता येतात. ब्लेक मिअर तर कालव्याला लागूनच आहे, फक्त झाडांची एक रांग मधे. रोज सात-आठ तास बोट चालवण्याचे बेत कागदावर छान दिसतात. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळतात आणि टिलर धरणाऱ्याची पाठ बोलू लागते. दिवसाला चार-पाच तास ठेवा.

टिलर उलटा चालतो म्हणतात, ते काय?

टिलर म्हणजे मागच्या बाजूचा धरायचा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पहिल्या अर्ध्या तासात सगळेच चुकतात. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बोट गाडीसारखी पुढच्या टोकाने वळत नाही, ती मधल्या भागाभोवती फिरते. नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे झुलतं. काठाला लागून उभ्या बोटीपासून सुटताना नाक आत वळवलं की शेपूट शेजाऱ्याला ठोकतं.

ब्रेक नाही. थांबायचं तर मागचा गिअर टाकायचा, आणि तोही आधी विचार करून, कारण 60 फुटी बोटीचं वजन 15 टनांच्या आसपास असतं. मागे जाताना टिलरचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. बोट काठाला आपटेलसं वाटलं तर तिला पायाने किंवा हाताने अडवू नका. बोटीला ओरखडा परवडतो. समोरून बोट आली तर आपण उजवीकडून जायचं, म्हणजे भारतातल्या आणि ब्रिटनच्या रस्त्यांच्या अगदी उलट. हे सवयीच्या चालकांनाच जास्त अवघड जातं.

इंजिन जास्त रेटलं तरी बोट पुढे का जात नाही?

ट्रेव्हर-लँगॉलेन पट्ट्यात हा अनुभव येतो. उथळ, अरुंद पाण्यात बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा जोरात फिरवला की बोटीखालचं पाणी मागे ओढलं जातं, शेपूट तळाकडे बसतं आणि मागे काठावर लाटा फुटू लागतात. इंधन जळतं, वेग वाढत नाही, उलट कमी होतो. काठ ढासळतो तो वेगळाच. मागे वळून पाहा: लाट फुटत असेल तर थ्रॉटल कमी करा. बहुतेक वेळा वेग तोच राहतो.

गाळात अडकलात तर पुढे जोर लावू नका. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागचा गिअर टाकून निघा. सगळ्यांना बोटीच्या दुसऱ्या बाजूला उभं करा, म्हणजे रुतलेली कड थोडी उचलली जाते. लांब काठी वापरायची तर ती अंगासमोर न धरता बाजूला धरा, कारण रेटताना घसरली तर छातीत बसते.

लॉक नेमका कसा चालवायचा?

चर्क-लँगॉलेनमध्ये लॉक लागणार नाहीत, पण एल्समिअरहून निघालात तर न्यू मार्टनचे दोन लागतील. वर जाताना असं करायचं.

लॉकच्या अलीकडच्या धक्क्याला बोट लावून दोघे उतरा. विंडलास म्हणजे एल आकाराची लोखंडी हँडल, ती सोबत घ्या. आधी वर डोकावून पाहा. वरून बोट येत असेल आणि लॉक भरलेला असेल, तर त्यांचा नंबर आधी. लॉक भरलेला आहे आणि कुणी येत नाही, तर खालच्या दरवाजांची पॅडल उचलून पाणी सोडा. पॅडल म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, विंडलासने फिरवून उचलायची. पाणी खालच्या पातळीला आलं की दरवाजे उघडतात, त्याआधी कितीही ढकलले तरी हलत नाहीत. बोट आत घ्या, खालचे दरवाजे लावा, खालची पॅडल पूर्ण पडली आहेत ना ते पाहा. मग वरच्या बाजूची जमिनीतली पॅडल आधी अर्धी, नंतर पूर्ण उचला. वरच्या दरवाजात पॅडल असेल तर ते पाण्याखाली गेल्याशिवाय उघडू नका, नाहीतर धारा थेट बोटीच्या पुढच्या भागात पडतात. पाणी सारखं झालं की वरचा दरवाजा उघडा, बोट बाहेर, पॅडल खाली, दरवाजा बंद.

विंडलास दांड्यावर लटकती ठेवू नका. खटका सुटला तर ती गरगर फिरते आणि हात मोडू शकते.

उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दरवाजाच्या खाली आत पुढे आलेली दगडी किंवा काँक्रीटची पायरी असते, तिला सिल म्हणतात. लॉकच्या काठावर पांढऱ्या रेषेने ती कुठवर आहे ते दाखवलेलं असतं. बोटीचं शेपूट त्या रेषेच्या पुढे असलंच पाहिजे. पाणी उतरत असताना शेपूट सिलवर अडकलं तर मागचा भाग वर टांगलेला राहतो, पुढचा खाली जातो आणि बोट पाणी घेऊन बुडते. हे काही मिनिटांत होतं. म्हणून पूर्ण वेळ एका माणसाने फक्त बोटीकडे पाहायचं. गप्पा नाहीत, फोन नाही. काहीही अडकल्यासारखं वाटलं की सगळी पॅडल ताबडतोब टाका. दोरही कुठे घट्ट बांधू नका, बोट दोराला लटकते. बोटीच्या बाजूला लोंबणारे फेंडर लॉकमध्ये शिरण्याआधी वर घ्या, अरुंद लॉकमध्ये ते पाचरीसारखे अडकतात.

पाँटकसल्टे जलसेतूवरून जाताना भीती वाटते का? मुलांचं काय?

उंचीची भीती असलेल्यांना वाटते, यात शंका नाही. डी नदीच्या खोऱ्यावरून 38 मीटर उंचीवर, 307 मीटर लांबीच्या लोखंडी पन्हळीतून बोट जाते. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं हे काम 1805 साली पुरं झालं. दगडी 18 खांब, त्यावर ओतीव लोखंडाची पन्हळ. जेसपसारख्या अनुभवी अभियंत्यासाठीही हा धाडसी निर्णय होता, कारण रिवाजाप्रमाणे जलसेतूत पाणी अडवायला चिकणमातीचा जाड थर घालत आणि त्याचं वजन पेलायला भरभक्कम दगडी कमानी लागत. लोखंडामुळे खांब सडपातळ ठेवता आले. 2009 मध्ये ग्लेड्रिड ते हॉर्सशू फॉल्स हा सुमारे 11 मैलांचा पट्टा जागतिक वारसास्थळ झाला.

पुलाच्या एका बाजूला पायवाट आहे, तिला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडा नाही. पन्हळीची कड पाण्याच्या जेमतेम वर, बोटीच्या बाजूपेक्षाही खाली. त्या बाजूला बसून खिडकीतून पाहिलं तर खाली थेट नदी दिसते. त्यामुळे नियम साधा आहे: लहान मुलं आतमध्ये, खिडकीपाशी, किंवा पुढच्या खोलगट जागेत मोठ्यांच्या हाताशी. छपरावर कुणी नाही. बोटीच्या बाजूच्या अरुंद कडेवरून या पुलावर कुणीही चालायचं नाही, मोठ्यांनीही नाही. ज्यांना भीती वाटते त्यांना अलीकडेच उतरवा. ते कठड्याच्या बाजूने चालत जाऊ शकतात आणि बोटीच्या आधी पोचतात.

पूल एकेरी आहे. शिरण्याआधी समोर पाहा. दुसरं टोक दिसतं. बोट येत असेल तर थांबा. ऑगस्टमध्ये रांगा लागतात आणि लोक मागोमाग एकत्र निघतात, तेव्हा घाई करू नका. लँगॉलेनकडे जाताना बोट पन्हळीत पिस्टनसारखी बसते आणि समोरून येणारं पाणी तिच्या बाजूंनी निघायचा प्रयत्न करतं. म्हणून वेग अगदी कमी असतो. पायवाट पाण्याच्या वर उचलून त्याखालूनही पाण्याला वाट दिलेली आहे, ती नसती तर बोट इथे हललीच नसती.

पूल संपला की लगेच खरी परीक्षा. सरळ गेलात तर ट्रेव्हरचं बेसिन (बोटी थांबायची रुंद जागा), लँगॉलेनला जायचं तर दुसऱ्या एका पुलाखालून जवळजवळ काटकोनात डावीकडे. तिकडून येणारा प्रवाह नेमका तुमच्या नाकावर बसतो आणि ते उजवीकडे ढकलतो. आधीच वेग कमी करा, टिलर पूर्ण उजवीकडे टाका, आणि मग थोडा जोर द्या. इथे ठोकाठोकी होतेच, कुणी फार मनावर घेत नाही.

चर्कचा पूल आणि बोगदा?

चर्क जलसेतू 1801 चा, उंची 21 मीटर. शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल आहे, त्यामुळे वर पाहिलं तर गाड्या जाताना दिसतात. पुलाला लागूनच सुमारे 420 मीटरचा चर्क बोगदा सुरू होतो. एकेरी. शिरण्याआधी पुढचा दिवा लावा आणि आत दुसरा दिवा दिसतोय का ते पाहा. दिसला तर थांबा, बोगद्यात समोरासमोर आलात तर कुणालातरी सगळं अंतर मागे जावं लागतं. आत पायवाटही आहे, पण अंधार असतो. चालणाऱ्याने टॉर्च घ्यावा. प्रवाहाविरुद्ध जाताना बोगदा संपता संपत नाही असं वाटतं. पुढचा व्हाइटहाउस बोगदा याहून लहान. मग फ्रॉनकसल्टे इथे एक उचलायचा पूल लागतो. तो विंडलासने उघडतात. एकाने पूल उघडून धरायचा, बोट पार झाली की खाली घ्यायचा. गाड्यांना अडवून ठेवू नका.

ट्रेव्हरनंतर समोरून बोट आली तर?

या पट्ट्यात काही ठिकाणी दोन बोटी एकमेकींना ओलांडूच शकत नाहीत. त्याची पाटी असते. अशा जागेच्या आधी बोट थांबवा आणि एक माणूस फोन घेऊन पायवाटेने पुढे पाठवा. त्याने दुसऱ्या टोकाला जाऊन 'या' म्हटल्याशिवाय निघायचं नाही. समोरून आलेल्या चालकाशी तोच बोलतो. म्हणजे या पट्ट्यासाठी बोटीवर निदान तीन धडधाकट माणसं हवीत: टिलरवर एक, पुढे चालणारा एक, मुलांकडे पाहणारा एक. मोबाइलची रेंज खोऱ्यात मधूनमधून जाते, तेव्हा हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवा. मोठ्या मुलांना हे काम फार आवडतं, पण सोबत मोठं माणूस हवंच.

बोट हॉर्सशू फॉल्सपर्यंत नेता येते का?

नाही. इंजिनाची बोट लँगॉलेनच्या बेसिनपर्यंतच. तिथे जागा मर्यादित असते, दुपारपर्यंत पोचलात तर बरं. पुढे घोड्याने ओढायच्या बोटी चालतात, त्या 1884 पासून. ज्यांना बोटीवर रात्र काढायची नाही अशा ज्येष्ठांसाठी ही पाऊण तासाची फेरी पुरेशी आहे. बंधाऱ्यापर्यंत पायी जायचं तर सपाट वाट, साधारण तीन किलोमीटर.

स्वयंपाक करता येतो का? कुकर, मिक्सर चालतो का?

शेगडी गॅसची असते, सहसा चार बर्नर आणि ओव्हन. पाच लिटरचा कुकर आरामात बसतो, पोळ्यांचा तवाही. मिक्सरची गोष्ट वेगळी. बोटीची वीज बॅटरीवरची 12 व्होल्टची, आणि इन्व्हर्टर असला तरी त्याची मर्यादा असते. 750 वॅटचा मिक्सर सुरू होताना त्याहून बराच जास्त खेचतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. वाटण, लसूण-खोबऱ्याची चटणी, आलं-लसूण पेस्ट घरूनच आणा. हेअर ड्रायर, इस्त्री, विजेची केटल हीही यादीतून बाद. शेगडीवर पाणी तापतं.

फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म वाजतो. खिडक्या आणि छपराची झडप उघडा, पण अलार्मची बॅटरी काढू नका. तो कार्बन मोनॉक्साइडचा असेल तर तुमच्या झोपेत तोच एक जागा असतो. गारवा आहे म्हणून खिडक्या बंद करून शेगडीवर शेकत बसू नका. तळण बोट उभी असतानाच. चालत्या बोटीला काठाचा धक्का बसला तर कढईतलं तेल कुठे जाईल ते सांगायला नको. मेथीचे ठेपले, दशम्या, लाडू, चिवडा सोबत असला की दुपारी थांबायची गरज पडत नाही.

किराण्यासाठी एल्समिअर सोयीचं आहे. गावाकडे जाणाऱ्या कालव्याच्या छोट्या फाट्याच्या टोकाशी टेस्को आहे. मोठी भारतीय दुकानं शोधायची तर रेक्सहॅमसारख्या शहरात. निघण्याआधीच आणलेलं बरं.

पाणी, अंघोळ, शौचालय?

बोटीची पाण्याची टाकी साधारण 400 ते 600 लिटरची. सहा जणांनी रोज शॉवर घेतला तर दीड-दोन दिवसांत संपते. कालव्यावरच्या नळावर रोज भरायची सवय लावा, भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. नळाला आणि कचरा-सांडपाण्याच्या जागेला लागणारी किल्ली बोटीसोबत मिळते. गरम पाणी इंजिन चाललं की तयार होतं, म्हणून अंघोळ सकाळी निघण्याआधी नको, संध्याकाळी पोचल्यावर करा. रात्री 8 ते सकाळी 8 इतर बोटींजवळ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, म्हणजे रात्री गरम पाणी संपलं की संपलं.

शौचालय टाकीचं असतं. त्यात टॉयलेट पेपर सोडून काही टाकायचं नाही. ओल्या पुसण्या, पॅड, लहान मुलांच्या नॅपी यांनी पंप तुंबतो आणि मग सहलीची चव जाते. धुण्यासाठी टमरेल आणायला हरकत नाही, पण पाणी मोजून वापरा, शौचालयाची टाकी तितक्या लवकर भरते.

कुणी पाण्यात पडलं तर?

पहिलं काम: गिअर न्यूट्रलमध्ये. पंखा फिरत असताना बोट मागे घेऊन वाचवायला जाणं सर्वांत घातक. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा, फार तर छातीपर्यंत असतो. उभं राहता येतं. पाण्यातल्याला काठाकडे बोलवा, दोर किंवा रिंग टाका. लॉकमध्ये मात्र पाणी खोल असतं आणि पॅडल उघडी असतील तर ओढ असते. कुणी पडलं की सगळी पॅडल लगेच बंद.

मुलांचे लाइफ जॅकेट त्यांच्या वजनानुसार मिळतात, तेव्हा बुकिंगच्या वेळीच वजन सांगा. बाहेर असताना ते काढायचं नाही. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तोच आजार. हाताला जखम असेल तर झाकून ठेवा, जेवण्याआधी साबणाने हात धुवा, आणि पाण्यात पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचा उल्लेख करा.

पंख्यात काही अडकलं तर?

बोट अचानक थरथरायला लागते, इंजिन आवाज बदलतं, वेग कमी होतो. बहुधा प्लास्टिकची पिशवी, दोर किंवा कापड. आधी थोडा वेळ मागचा गिअर टाकून पाहा, कधीकधी सुटतं. नाही सुटलं तर बोट काठाला बांधा, इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात घ्या. मागच्या डेकखाली एक झाकण असतं, वीड हॅच. ते उघडून हात घालून, गरज पडली तर सुरीने कापून काढायचं. नंतर झाकण पक्कं घट्ट बसवा. ते सैल राहिलं तर इंजिन सुरू होताच पंखा पाणी आत उडवतो आणि बोट बुडते, आणि हे खरोखर होतं. काम जमणार नसेल तर कंपनीला फोन करा, त्यांचा माणूस येतो. टिलरजवळ आणि मागच्या डेकवर ओढणी, पदर, सैल नाडी नको. पायात चपला नको, रबरी तळव्याचे बूट हवेत.

रात्री कुठे थांबायचं?

पायवाटेच्या बाजूला, मनाई नसेल तिथे. वळणावर, पुलाखाली, लॉकच्या धक्क्यावर, पाण्याच्या नळापाशी आणि बोट वळवायच्या रुंद जागेत थांबायचं नाही. काठाला लोखंडी पत्रे असतील तर त्यात अडकवायचे आकडे मिळतात. नसतील तर लोखंडी खुंट्या हातोड्याने ठोका, पाण्यापासून थोड्या लांब आणि तिरक्या, आणि त्यावर प्लास्टिकची पांढरी पिशवी बांधा, म्हणजे अंधारात कुणी अडखळत नाही. दोर दोन्ही टोकांना, प्रत्येक दिशेला थोडा ढिला. वेगाने गेलेल्या बोटीमुळे घट्ट बांधलेल्या खुंट्या उपटून येतात आणि सकाळी बोट समोरच्या काठाला आढळते. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला परवानगी नसते. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, ऑक्टोबरात सहाच्या सुमाराला अंधार.

कोणता महिना चांगला?

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्या असतात, भाडं सर्वाधिक आणि जलसेतूवर गर्दीही. पाऊस मात्र कधीही येतो, आणि टिलर धरणारा उघड्यावर उभा असतो. एक चांगला रेनकोट घ्या, छत्रीचा उपयोग नाही. हिवाळ्यात डागडुजीसाठी काही भाग बंद ठेवतात. पाँटकसल्टेच्या पन्हळीचं पाणी तळातलं बूच काढून थेट नदीत सोडतात. काठ खचला किंवा गळती झाली तर मधल्या हंगामातही तुकडे बंद होऊ शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेच्या सूचना बघा.

परत देताना काय तपासतात?

डिझेल, भांडी, विंडलास, खुंट्या, हातोडा, किल्ली. विंडलास पाण्यात पडलेली असण्याची शक्यता सर्वाधिक. चुंबक बांधलेला दोर टाकून पाहा, लॉकच्या तोंडाशी ती बऱ्याचदा सापडते. शेगडीवरचे डाग पुसा, कचरा कंपनीच्या धक्क्यावरच्या कचरापेटीत टाका, आणि काठाला कुठे ठोकलं असेल तर आधीच सांगा. रंगाचे किरकोळ ओरखडे त्यांच्या हिशेबात असतात. वाकलेला टिलर किंवा फुटलेली खिडकी अनामतीतून जाते.